मूळ आणि धार

आप्पासाहेबांनी दातांच्या बाबतीत उभ्या जन्मात एकच खोटं सांगितलं, आणि तेही बैलाच्या दाताबद्दल नव्हे. ते पुढं येईलच. आधी माणूस कसा होता ते सांगायला हवं.

शेळगावातच काय, इंदापूरच्या बाजारातसुद्धा बैल घ्यायचा तर लोक आधी आप्पासाहेबांना गाडीवर मागं बसवून न्यायचे. हा गडी बैलासमोर उभा राहायचा, डाव्या हातानं वेसण धरायचा, उजव्या हाताचा अंगठा ओठाखाली सारायचा, आणि भलाभला मारका बैल हूं की चूं करायचा नाही. दुधाचे दात शाबूत असले तर आदत. मधले दोन पडून पक्के आले की दुसा, चार आले की चौसा. एवढं शाळेतलं पोरही सांगेल. पण दाताच्या झिजेवरून बैल कडब्यावर वाढला की उसाच्या वाढ्यावर, हेही आप्पासाहेब सांगायचे, आणि मालक कितीही दातओठ खाऊ लागला तरी वय सहा महिन्यांनीही इकडचं तिकडं करायचे नाहीत. "जनावर बोलत न्हाय, म्हून त्याच्या वतीनं आपुन खोटं बोलायचं व्हय?" असं विचारायचे. या सरळपणापायी बाजारात त्यांना मान होता आणि मित्र कमी होते. आता अडुसष्टाव्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या तोंडात चारच दात उरले होते. त्यावरून लोक चेष्टा करायचे, पण पाठीमागं.

त्या सोमवारी सकाळपासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारच्या एसटीनं छकुली येणार होती. छकुली म्हणजे स्वरूपा, वय सव्वीस, पुण्यात शिकलेली आणि आता तीन वर्षांसाठी जर्मनीला चाललेली. कशाला, तर लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या शार्क माशांचे दात अभ्यासायला. गावात कुणी विचारलं की आप्पासाहेब छाती पुढं काढून सांगायचे, "आमच्याच धंद्यात हाय पोर." लोक हसायचे. आप्पासाहेब मात्र हसण्यावारी न्यायला ते सांगत नव्हते.

चित्त थाऱ्यावर नसण्याचं कारण तिचं जाणं नव्हतं. त्याची तयारी त्यांनी मनाशी कधीच केली होती. कारण काल येऊन गेलं होतं, पांढऱ्या गाडीतून. कोऱ्हाळे बुद्रुकचे विजयसिंह. स्वरूपाचा जन्मदाता.

हे नातं एकदा नीट सांगून टाकतो. आप्पासाहेबांची बायको मुक्ताबाई आणि विजयसिंहांची पहिली बायको इंदिरा या सख्ख्या बहिणी, म्हणजे हे दोघे साडू. इंदिरा काविळीनं गेली तेव्हा पोर आठ महिन्यांची होती आणि विजयसिंह चोवीस वर्षांचे. मुक्ताबाईंनी पोर उचलली, पदराखाली घेतली आणि शेळगावला आणली. "जरा मोठी होईस्तवर," असं तेव्हा ठरलं. पुढं विजयसिंहांचं दुसरं लग्न झालं, घरात राजलक्ष्मी आल्या, दोन मुलगे झाले, आणि जरा मोठी म्हणजे केवढी, हे कुणी कधी विचारलंच नाही. आप्पासाहेब आणि मुक्ताबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. ते बापडे कशाला विचारतात!

विजयसिंह माणूस वाईट नव्हते. दर दिवाळीला फ्रॉक घेऊन यायचे, पोरीकडं बघत बसायचे आणि काय बोलावं ते न सुचून उठायचे. कालही तसेच आले. चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "आप्पासाहेब, एक मागणं हाय. पोर सातासमुद्रापल्याड चालली. निघताना आमच्या उंबऱ्यातनं निघू द्या. राजलक्ष्मी ववाळंल, वटी भरंल, भावकी जमंल. हितं..." त्यांनी घरात नजर फिरवली. मुक्ताबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ते घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात दिसत होतं. "हितं ववाळायला बाईमाणूस न्हाय वो."

हे खरं होतं, आणि खऱ्यापुढं आप्पासाहेबांना बोलता येत नसे. लेक लांबच्या गावाला निघते ती माहेरच्या उंबऱ्यातून, आणि परत येते तीही तिथंच. एकदा भावकीदेखत कोऱ्हाळ्यातून निघाली की तिचं माहेर कोऱ्हाळं. त्यांना हे समजत होतं, आणि तरी ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं, विजयराव. बुधवारी मीच घिऊन येतो तिला."

शब्द गेला. आता पोरीला सांगायचं राहिलं होतं.

स्वरूपा आली ती पाठीवरची पिशवीही न उतरवता आधी गोठ्यात शिरली. हरण्या बैलानं मान वर केली. तिनं डाव्या हातानं वेसण धरली, उजवा अंगठा ओठाखाली सारला आणि तिथूनच ओरडली, "अप्पा, ह्यो तर चौसा झाला की वो! मला फोनवर सांगितलं का न्हाय?"

"तू बघशील म्हून ठिवलं," आप्पासाहेब म्हणाले.

जेवायला त्यांनी स्वतः पिठलं-भाकरी केली होती. भाकरी जरा जाड झाली होती, पण दोघं नेहमीसारखे एकाच ताटात बसले. आप्पासाहेबांना चावायचं साधन नाही, म्हणून ते भाकरी पार कुस्करून, पिठल्यात कालवून खायचे. बत्तीस दात शाबूत असलेली ही पोरही तशीच कुस्करून खायची. लहानपणापासून त्यांच्या ताटात जेवल्याचा तो परिणाम. मुक्ताबाई असताना करवादायच्या, "आगं, तुला दात हायेत, चाव की!" पण पोरीनं कधी ऐकलं नाही.

जेवण झाल्यावर तिनं घोंगडीवर एक चपटी पेटी उघडली. आत कापसात चार दात ठेवलेले.

"खरं न्हवंत हे, साच्यातलं हायेत," ती म्हणाली. "खरं दात म्युझियमच्या भाईर काढू देत न्हाईत. पन साचा हुबेहूब हाय, मुळापासनं धारंपतुर. आता ओळखा. चार दात, दोन घराणी. कोण कुणाचं?"

आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. पहिला दात तळहाताएवढा, तिकोनी, कडांना बारीक करवतीसारखे दाते. दुसरा दोन बोटांएवढा, पण अगदी तसाच तिकोनी आणि दातेरी. तिसरा दुसऱ्याएवढाच, पण कडा सुरीसारख्या गुळगुळीत. चौथा जाडजूड, त्याच्याही कडा गुळगुळीत, आणि दोन्ही अंगांना एकेक छोटं टोक, गाईच्या दोन बाजूंना दोन वासरं उभी असावीत तसं.

त्यांनी एकेक दात हातात घेतला, उजेडाकडं धरला, अंगठा फिरवला. हरण्या बाहेर वैरण खात होता, त्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं त्यांनी पहिला आणि चौथा एकत्र ठेवले, दुसरा आणि तिसरा एकत्र.

स्वरूपा श्वास रोखून बघत होती. मुद्दामच म्हणाली, "आवं, पहिल्याची आन दुसऱ्याची धार बघा. बापलेक दिसत्यात."

"धारंला काय बघतीस? धार खाऊन येती. मूळ बघ." त्यांनी मोठा दात उलटा केला. "मुळाच्या वर ह्यो काळपट पट्टा बघ, कमानीवानी. त्यो ह्या वासरंवाल्यालाबी हाय. ह्या दोघास्नी न्हाय. आन करवत तरी सारखी कुठं हाय? ह्या मोठ्याची बारीक, एकसारखी. ह्याची वबडधोबड. दोन लोहारांनी दोन ठिकानी पाजळलीय."

स्वरूपानं त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. "बरोबर! अप्पा, बरोबर!" आणि मग तिनं सांगितलं. मोठा दात मेगॅलोडॉनचा, दीड एसटीएवढा शार्क. दुसरा आजच्या समुद्रातल्या पांढऱ्या शार्कचा. दोघांची धार दातेरी, म्हणून मोठमोठ्या पंडितांनी शंभरावर वर्षं मोठ्याला पांढऱ्याचा पूर्वज मानलं, दोघांना एकाच घराण्याचं नाव लावलं. पुढं मधल्या काळातले दात सापडत गेले आणि चित्र बदललं. पांढरा आला तो या गुळगुळीत कडांच्या तिसऱ्या दाताच्या घरातून. हळूहळू, लाखो वर्षांत, त्याच्या कडांना दाते फुटत गेले. मेगॅलोडॉनचं घराणं वेगळंच. त्याचं नाव ऑटोडस. त्या घराण्यातला जुना म्हातारा म्हणजे हा चौथा, दोन वासरंवाला. त्याच्या पुढच्या पिढ्यांत बाजूची टोकं झिजत नाहीशी झाली, कडांना करवत आली, अंग वाढत गेलं, आणि शेवटी हा मोठा झाला.

"मानसं शंभर वर्षं भांडली, अप्पा, आन तुमी जेवान जिरायच्या आत सांगून मोकळं."

"आमाला बाजारात यवढा येळ देत न्हाईत," आप्पासाहेब म्हणाले. पण ते मनातून सुखावले होते. त्यांनी मोठा दात पुन्हा हातात घेतला. "मग ह्या मोठ्याचं पुढं काय झालं?"

"संपला. ऑटोडसच्या घरातलं आता समुद्रात कुनी न्हाय."

"वंश बुडला?"

"व्हय."

"यवढा मोठा आसून," ते हळूच म्हणाले, आणि दात बराच वेळ खाली ठेवेनात.

त्यांचं स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानात घुमायला लागलं होतं. धारेला काय बघतीस, मूळ बघ. आपल्याच तोंडानं आपण निकाल दिला, आता पळायचं कुठं? ते घोंगडीकडं बघत बोलले, कारण पोरीकडं बघून बोलणं जमलं नसतं.

"छकुली, मूळ ते मूळ. बुधवारी तू कोऱ्हाळ्यातनं निघ. काल विजयराव आलं हुतं. मी सबुद दिलाय."

स्वरूपानं एकेक दात कापसात गुंडाळला, पेटी बंद केली. मग म्हणाली, "शाळंतबी तुमी असंच केलंत."

"काय केलं?"

"गुरुजींनी बापाचं नाव इचारलं. आई तुमाला कोपरानं ढोसत हुती. गुरुजीबी म्हनलं, तुमचं लावा की, कोन बघतंय. आन तुमी सांगितलं, विजयसिंह. मी तुमचं बोट धरून उभी हुती, अप्पा. मला वाटलं, मी तुमास्नी नको हाय."

आप्पासाहेबांना तो दिवस चांगला आठवत होता. पोर सहा वर्षांची, पहिला दात हलत होता, सारखी जिभेनं त्याला ढकलत होती. दुसऱ्याच्या गाईचं वासरू आपल्या दावणीला वाढलं म्हणून त्याची जात-पैदास बदलून सांगायची नसते, या एका विचारानं त्यांनी विजयसिंह म्हटलं होतं. घरी येताना त्यांना वाटलं होतं की आपण फार सरळ वागलो. आणि ही पोर वीस वर्षं ते उराशी घेऊन हिंडत होती. स्वरूपा हे नाव कुठंही घ्या, शाळेत, कॉलेजात, बक्षीस समारंभात, मागोमाग विजयसिंह आलंच, आणि प्रत्येक वेळी तिला ते बोट आठवलं असणार.

त्यांना सांगायचं होतं की बाळा, नको कशी असशील, माझा सगळा जीव तू आहेस. पण ते उठून हरण्याला पाणी पाजायला गेले. त्यानं अर्ध्या तासापूर्वीच पाणी प्यायलं होतं.

बुधवारी सकाळी शेजारचा सिद्धू आपली जीप घेऊन आला. पन्नाशीचा हा माणूस एरवी रस्ताभर गप्पा हाणायचा, पण मागच्या दोघांची तोंडं बघून त्यानं रेडिओही लावला नाही. बारामतीत चहाला थांबले, तेव्हा आप्पासाहेबांनी स्वतःच्या चहात बिस्कीट बुडवून स्वरूपाच्या बशीत ठेवलं. तिनं ते खाल्लं.

कोऱ्हाळ्यात चौकातच तिचा फोटो असलेला फ्लेक्स लागला होता. "कोऱ्हाळ्याची कन्या." अंगणात मांडव, भावकी, पोराबाळांचा गलका. राजलक्ष्मीबाई पुढं आल्या आणि त्यांनी पोरीला जवळ घेतलं, ते काही दाखवायला नव्हे. त्यांनी पहाटे उठून शंभर पुरणपोळ्या लाटल्या होत्या. कुणाला नावं ठेवायला जागा नव्हती, आणि आप्पासाहेबांना ते जास्त जड जात होतं. नावं ठेवता आली असती तर बरं वाटलं असतं.

विजयसिंह आज सुटले होते. "नाक बघा, कपाळ बघा," असं ज्याला त्याला सांगत होते. "सगळं माझं उचललंय." खोटं नव्हतं. नाक आणि कपाळ हुबेहूब त्यांचं होतं.

पंगत बसली. आप्पासाहेबांशेजारी स्वरूपा बसली. पोळ्या वाढल्या, दूध-तूप वाढलं, आणि दोघांनी, एकमेकांकडं न बघता, पोळी पार कुस्करून दुधात कालवली. वाढायला आलेल्या राजलक्ष्मीबाईंना हसू आवरेना. "आगं बाई, ह्यांचं एक ठीक हाय. तुलाबी दात न्हाईत व्हय?"

सगळी पंगत हसली. समोर बसलेले विजयसिंहही हसले. मग त्यांचं हसू थांबलं आणि ते दोन ताटांकडं बघत राहिले. या ताटातून त्या ताटात, त्या ताटातून या.

जेवणं उरकल्यावर राजलक्ष्मीबाईंनी ओटी भरली आणि त्या ओवाळणीचं तबक आणायला आत गेल्या. तेवढ्यात भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाळ, तू तकडं नेमकं शिकनार काय?" स्वरूपानं पेटीतून दोन दात काढले, मोठा आणि पांढऱ्या शार्कचा. ते हातोहात फिरत विजयसिंहांपाशी आले. त्यांनी दोन्ही दात एकावर एक ठेवून बघितले.

"हे तर बापलेक हायेत. धार एकसारखी."

"समद्यांना तसंच वाटायचं, बाबा," स्वरूपा म्हणाली. "पन रक्ताचं नातं न्हाय. येगळी घराणी."

"मग धार सारखी कशी आली?"

"दोघं एकाच काळात, एकाच पान्यात राहिलं. एकच खाल्लं, देवमाशाचं मांस. त्ये कापायचं तर अशीच धार लागती. ती कुनाकडनं मिळत न्हाय, रोजच्या घासानं येती. मोठ्याचा वंश बुडला, पन त्याच्यासारखी धार दुसऱ्याच्या लेकराला आली, आन ती अजून समुद्रात हाय."

बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. हे ती शिकायचं म्हणून सांगायला निघाली होती आणि सांगता सांगता दुसरंच काहीतरी सांगून बसली होती. आप्पासाहेब मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी फक्त उपरणं तोंडाला लावलं.

विजयसिंहांनी दोन्ही दात तिच्या हातात ठेवले. "काय मनात हाय तुझ्या? सांग."

"रागावनार न्हाय न्हवं, बाबा?" तिनं वाकून त्यांचे पाय धरले. "मला शेळगावातनं निघायचंय."

राजलक्ष्मीबाई तबक घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. विजयसिंह जमिनीकडं बघत होते. नाक लाल झालं होतं, तेच नाक.

"मी चोवीस वर्षांचा हुतो," ते अखेर म्हणाले, कुणाला ते कळलं नाही. मग त्यांनी बायकोकडं बघितलं. "तबक आत ठिवा. वटी हितली, निघनं तितलं. आन आप्पासाहेब, सबुदाचं मनाला लावून घिऊ नगा. मीच तुमाला त्यातनं सोडवतो."

सिद्धूनं जीप वळवली तेव्हा त्याला राहवलं नाही. पुणं या बाजूला, मुंबईचं विमान पहाटेचं, आणि आपण पन्नास किलोमीटर उलटे चाललोय, हे त्यानं तीनदा बोलून दाखवलं. मागं दोघं एका सीटवर बसले होते आणि त्यांचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं.

घरात पाय ठेवल्यावर मात्र आप्पासाहेबांची तारांबळ उडाली. "आता ववाळनार कोन? शेजारची वैनी बी म्हायेराला गेलीय."

"बेंदराच्या सणाला हरण्याला कोन ववाळतं?"

"आता मीच की. तुझी आई गेल्यापासनं."

"मग बैलाला येतं, तर पोरीला का यायचं न्हाय? कुकू कुठं ठिवलंय?"

"गोठ्यात. कोनाड्यात," आप्पासाहेब म्हणाले, आणि समईतल्या तेलाकडं वळले. मग त्यांना काहीतरी आठवलं. ते घाईघाईनं बाहेर पडले, पण उशीर झाला होता.

स्वरूपा गोठ्याच्या दारात उभी होती. एका हातात कुंकवाची कोयरी, दुसऱ्या हातात पत्र्याची जुनी तंबाखूची डबी. डबी उघडी होती. आत कापसावर तांदळाएवढे सात दात होते.

पोराचा दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळीत घालून छपरावर टाकायचा, अशी रीत. पहिला दात शाळेत नाव घातलं त्याच आठवड्यात पडला, तेव्हा मुक्ताबाईंनी गोळी करून आप्पासाहेबांच्या हातात दिली होती, आणि ते घरामागं जाऊन परत येऊन म्हणाले होते, "टाकला." पुढंही प्रत्येक वेळी, टाकला.

"छपरावर टाकलं म्हनला हुतात," स्वरूपा म्हणाली.

"खोटं बोललो." आप्पासाहेब अपराध्यासारखे उभे होते. "बैलाचा आदत दात मातीत पडतो, कुनी उचलत न्हाय. शाळंत तुझं नाव दुसऱ्याचं लिवून आलो, ते बरोबर हुतं म्हून लिवलं. पन घरी आल्यावर लई वाईट वाटलं. म्हनलं, नाव त्येंचं, तर ऱ्हाऊ दे. यवढा एक दात तरी माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. मग पुढचंबी टाकवंना झालं. तू मला नको कशी आसशील, बाळा? तुला दुसऱ्याची म्हनताना माझं काळीज तुटत हुतं. मला बोलायचं कळलं न्हाय."

स्वरूपा रडत होती आणि हसतही होती. ती उंबऱ्यावर बसली, पेटी मांडीवर घेतली आणि झाकणाच्या खिशातून दोन कोऱ्या चिठ्ठ्या काढल्या.

"शार्कचं दात जल्मभर पडत ऱ्हात्यात, अप्पा. हजारानं. समुद्राच्या तळानं जपलं म्हून आमाला त्येंचं घरानं कळतं. आन सापडलेल्या दातासंगं चिठ्ठी लागती. काय हाय, कुठला, कुनाचा, कुनी जपला. चिठ्ठी नसली तर दात कुनाचाच न्हाय."

तिनं गुडघ्यावर धरून एक चिठ्ठी लिहिली, मग तशीच दुसरी. एक दात उचलून पहिल्या चिठ्ठीसकट पेटीत ठेवला. "आता झालं. पेटीत चार साचं, आन ह्यो एक खरा." दुसरी चिठ्ठी तिनं डबीत उरलेल्या सहा दातांवर ठेवली आणि झाकण लावलं.

मग आप्पासाहेबांनी ओवाळलं. ताम्हनात निरांजन, दोन अक्षता, सुपारी. सवयीनं बैलाला घालायचा तेवढा मोठा फेरा घातला गेला, त्यामुळं दिवा दोनदा विझता विझता राहिला. कुंकू बोटानं लावायचं ते अंगठ्यानं लावलं गेलं आणि कपाळभर फासलं. सिद्धू जीपमधून बघत होता, त्यानं तोंड फिरवलं. हातावर दही ठेवून झाल्यावर काय करायचं ते न सुचून आप्पासाहेबांनी तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या, हरण्याला मारायचे तशा.

"आता बेंदरागत पुरनपोळी चारा," स्वरूपा म्हणाली.

"जा," ते म्हणाले. "आन परत येशील ती हितंच ये."

"हितं न्हाय तर कुठं येनार?" असं म्हणून ती उंबरा ओलांडून गेली.

जीप उसाच्या फडाआड दिसेनाशी झाल्यावर ते गोठ्यात गेले. हरण्याला वैरण टाकली, कोयरी कोनाड्यात ठेवली आणि डबी उघडली. चष्मा घरात राहिला होता, म्हणून चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरावी लागली. अक्षर तिचंच, सुबक.

दुधाचा दात. शेळगाव, तालुका इंदापूर. जपणारे: आप्पासाहेब. दात कुणाचा: स्वरूपा आप्पासाहेब.

त्यांनी बैलाच्या ओठाखाली फिरवावा तसा अंगठा त्या नावावरून फिरवला. दाताबद्दल लिहिलेलं एक अक्षर चुकीचं असलं तर हा माणूस भर बाजारात खोडायला लावायचा. त्या दिवशी मात्र त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, पुन्हा एकदा अंगठा फिरवला, आणि त्यांना तिच्यात काही खोटं सापडलं नाही.